मोडलेल्या रोजाचा हिशेब कोण देणार?

यंदाचा आमचा कबड्डीचा हंगाम अंतिम सामना न खेळताच संपला. 26 मे 2025 ला मोसमी पाऊस मुंबईत पोहोचला. एवढ्या लवकर तो पोहोचल्याची आधी नोंद नव्हती. आमच्या खालापूर-कर्जत पट्ट्यात त्याच्याही आधीपासून पाणी पडत होते. उपांत्य सामने उरकले आणि दुसऱ्या दिवशी मैदानात घोटा बुडेल एवढा चिखल झाला. पंचांनी शिट्टी खिशात टाकली, आयोजकांनी पहिल्या-दुसऱ्या बक्षिसाची बेरीज करून दोन्ही संघांना निम्मे-निम्मे दिले. आमच्या वाट्याला साडेसात हजार आले. त्यातून टेम्पोचे भाडे, जर्सीची उधारी आणि प्रवेश फी गेल्यावर प्रत्येक पोराच्या हातात चारशे रुपये पडले.

आणि डावा कोपरा घरी पडला होता. उपांत्य सामन्यात शेवटची तीन मिनिटे राहिली असताना त्याने समोरच्या चढाईपटूचा घोटा धरला तो सोडला नाही. दोघे एकमेकांवर कोसळले आणि याचा गुडघा आत वळला. गुण आम्हाला मिळाला. मैदानाबाहेर नेताना तो मला एवढेच म्हणाला, "दादा, उद्या सेकंड शिफ्ट आहे."

त्याला सामन्याची काळजी नव्हती, शिफ्टची होती. हा पोरगा पाताळगंगा एमआयडीसीत एका कारखान्यात ठेकेदाराकडे लागलेला आहे. रोज पाचशे रुपये, महिन्याला सव्वीस दिवस भरले तर तेरा हजार. डॉक्टरांनी दीड महिना पाय टेकू नको म्हणून सांगितले. रविवार सोडले तरी एकोणचाळीस रोज जातात. पाचशेने गुणा, साडेएकोणीस हजार होतात. औषधपाणी वेगळेच. एका पकडीची ही किंमत. गावाने त्याबद्दल टाळ्या दिल्या आणि आम्ही मंडळाने चारशे रुपये.

त्याच आठवड्यात, 31 मे आणि 1 जूनला, मुंबईत प्रो कबड्डीचा लिलाव झाला. इराणचा मोहम्मदरझा शादलू 2 कोटी 23 लाखांना गेला. एक कोटीच्या वर गेलेले दहा खेळाडू निघाले. मला याचा अजिबात मत्सर नाही. उलट आनंदच आहे. चिखलात, अंगणात, खळ्यावर वाढलेल्या खेळाला कोणीतरी कोटीचा आकडा लावला, हे 2014 च्या आधी कोणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो. त्यात आपल्या महाराष्ट्रातल्या पोरांचे संसार उभे राहिले, हेही खरे. पण लिलावात ज्यांची नावे निघतात त्या मूठभरांच्या खाली हजारो पोरे आहेत, ज्यांच्या जोरावर हा खेळ गावोगाव जिवंत आहे. त्यांना आपण एक सुंदर शब्द चिकटवून मोकळे होतो: हौशी.

हा हौशी शब्द मला आता सहन होत नाही. हौस कोणाला परवडते? ज्याचा दिवस मोडला तरी चूल पेटते त्याला. रोजावर जगणाऱ्याला हौशी म्हणणे म्हणजे त्याचा बुडालेला रोज हा नुकसान नसून त्याची आवड होती, असे ठरवून टाकणे. हे ठरवणारे लोक नेहमी पगारी असतात.

मित्रांनो, हीच लढाई एकदा लढून झालेली आहे, आणि ती कामगारांनी जिंकलेली आहे. आपल्याकडे ती कोणी सांगत नाही म्हणून इथे सांगतो. इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कशायर आणि लँकशायरमध्ये, रग्बी खेळणारे बहुतेक लोक गिरणीत आणि कोळशाच्या खाणीत राबणारे होते. शनिवारी अर्धा दिवस काम असे. दूर सामना असला की तो अर्धा रोज बुडायचा, हात मोडला तर आठवडे बुडायचे. त्यांच्या क्लबांनी 1893 साली रग्बी युनियनच्या सभेत साधी मागणी मांडली: खेळासाठी जेवढा रोज मोडेल तेवढीच भरपाई द्या. तिला त्यांनी नावच मोडलेल्या वेळेची भरपाई असे दिले होते. बक्षीस किंवा पगार त्यांनी मागितलाच नव्हता. युनियन चालवणारे साहेब लोक महागड्या शाळांतून शिकलेले, वकील-व्यापारी-जमीनदारांची पोरे. त्यांनी ती मागणी 282 विरुद्ध 136 मतांनी पाडली. म्हणाले, पैसा आला की खेळाचे पावित्र्य जाईल.

पावित्र्य हा शब्द ऐकला की आपले कान टवकारतात, टवकारलेच पाहिजेत. जिथे पावित्र्याची भाषा सुरू होते तिथे कोणाला तरी उंबऱ्याबाहेर ठेवायचे असते, हे आपल्याइतके जगात कोणाला कळत असेल?

दोन वर्षांनी, 29 ऑगस्ट 1895 ला, उत्तरेतले क्लब हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमले आणि युनियनमधून बाहेर पडले. बावीस क्लबांचा स्वतंत्र संघ झाला. मोडलेल्या दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई ठरली. त्यातूनच आजची रग्बी लीग निघाली. पुढे त्यांनी खेळाचे नियमही आपल्या सोयीने बदलले. 1906 पासून पंधराऐवजी तेरा खेळाडू आले, आणि पकडला गेलेला माणूस उठून चेंडू मागे लोटून पुन्हा खेळ सुरू करू लागला. आता एका संघाला सहा पकडींपर्यंत चेंडू ठेवता येतो, मग तो दुसऱ्याला द्यावा लागतो. पकड, सुटका, पुन्हा चढाई. हा खेळ मोबाईलवर पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो कबड्डीचा दूरदेशी चुलतभाऊच वाटला, आणि तेव्हापासून मी त्याचा शौकीन आहे. साहेबांनी काय केले? लीग खेळलेल्या माणसाला आपल्या मैदानावर जन्मभराची बंदी घातली. शंभर वर्षे ती चालवली. आणि 1995 च्या ऑगस्टमध्ये, टीव्हीचा पैसा दिसू लागल्यावर, त्याच युनियनने स्वतःच पगारी खेळ मान्य केला. कामगाराने सहा शिलिंग मागितले तेव्हा पावित्र्य बुडत होते, कंपन्यांनी लाखो पौंड आणले तेव्हा ते तरंगू लागले.

इथे काही मार्क्सवादी मित्र खूश होऊन म्हणतील, बघा, शेवटी प्रश्न वर्गाचाच. थांबा. रोजाची भरपाई मिळाल्यावर सगळे सुटले का? रॉय फ्रान्सिस नावाचा काळा खेळाडू होता. 1946 साली ब्रिटनचा संघ ऑस्ट्रेलियाला निघाला तेव्हा त्याला घरी ठेवले, कारण तिथे गोऱ्यांचा वर्णभेद होता आणि इथल्या कामगारांच्या संघटनेने तो मुकाट मानला. तोच रॉय फ्रान्सिस पुढे हल क्लबचा मोठा प्रशिक्षक झाला. बिली बॉस्टन कार्डिफच्या गोदीतल्या वस्तीतला. त्याला आपल्या गावाकडून युनियनचे रग्बी खेळायचे होते, कार्डिफने त्याला घेतले नाही. तो 1953 मध्ये उत्तरेला विगनकडे गेला आणि कारकिर्दीत 571 ट्राय केल्या. 10 जून 2025 ला नव्वद वर्षांच्या बॉस्टनला राजाने सर ही पदवी दिली. रग्बी लीगच्या 130 वर्षांत असा मान मिळालेला तो पहिला खेळाडू. कामगारांच्या खेळाकडे राजवाड्याने किती वर्षे पाठ फिरवली होती, ते यावरून मोजा. आणि 1972 ला विश्वचषक जिंकणाऱ्या ब्रिटनचा कर्णधार क्लाइव्ह सलिव्हन हाही काळाच. एखाद्या मोठ्या खेळात ब्रिटनचे नेतृत्व करणारा तो पहिला काळा माणूस.

म्हणजे वर्गाच्या लढाईने एक दार उघडले, पण रंगाचे दार वेगळे ठोठवावे लागले. बाबासाहेबांनी 1938 च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वे कामगारांपुढे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले होते. दोन सांगितले, एक नाही. मैदानावरही दोनच आहेत.

पहिला शत्रू मैदानावर कसा दिसतो ते बाळू पालवणकरांना विचारा. पुण्यात आधी पारशी क्लबात तीन रुपये आणि मग युरोपियनांच्या क्लबात चार रुपये महिन्यावर हा चांभाराचा मुलगा खेळपट्टी लोटत होता, साहेबांना सरावासाठी चेंडू टाकत होता. हिंदूंच्या संघाला जिंकायचे होते म्हणून त्याला घेतले. मैदानात तो टाकील तो चेंडू सगळे हाताळत, चहा मात्र त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला शेवटपर्यंत दिले नाही. ते 1923 मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले, तेही भांडणानंतर. हात चालतो, डोके चालत नाही. (1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने याच बाळूंना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. 13,245 विरुद्ध 11,225. बाबासाहेब जिंकले, पण फरक किती कमी होता बघा. आमच्या माणसाला आमच्याच विरुद्ध चढाईला पाठवायची ही जुनी खेळी आहे.)

आता हे शंभर वर्षांपूर्वीचे म्हणून सोडून देऊ नका. आमच्या भागात गावाच्या संघात बुद्धवाड्यातली दोन-तीन पोरे असतातच. चढाईला दम लागतो, तो आहे. ठाकूर-कातकरी वाड्यांतली पोरेही घेतात, पायात वारा आहे म्हणून. जर्सीवर ग्रामदेवतेचे नाव असते, तेही आमची पोरे घालतात. मी स्वतः सहा वर्षे घातले. पण बक्षिसाचे पैसे कशात घालायचे हे ज्या बैठकीत ठरते ती देवळाच्या सभामंडपात भरते. त्या बैठकीचे बोलावणे मला सहा वर्षांत एकदाही आले नाही. पैसे देवळाच्या रंगाला गेले, एकदा पालखीला गेले. विचारले की उत्तर ठरलेले: खेळात जातपात आणू नका. ती आणली कोणी?

दुसरा शत्रू रसायनीकरांना समजावून सांगायची गरज नसावी. या परिसराला रसायनी हे नावच सरकारी रसायन कारखान्याने दिले. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही कंपनी 1960 साली स्थापन झाली. सार्वजनिक उपक्रम म्हणजे राखीव जागा, कायम नोकरी, पगारी रजा, आजारपणाची सोय. आपल्या आधीच्या पिढीतल्या ज्यांना अशा नोकऱ्या लागल्या त्यांचा गुडघा मोडला तर पगार मोडत नव्हता. त्यांच्या खेळाला हौस म्हणा, मी हरकत घेणार नाही. मे 2017 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीचे कामकाज बंद करायचा निर्णय घेतला. एक प्रकल्प इस्रोकडे गेला आणि 442 एकर जमीन भारत पेट्रोलियमला विकायचे ठरले. जमीन सरकारी कंपनीकडेच राहिली, रॉकेटचे इंधनही सुरक्षित राहिले. राखीव जागांवरच्या त्या नोकऱ्यांचे काय झाले, याची बातमी झाली नाही. आता त्याच रस्त्याने आमची पोरे ठेकेदाराच्या गाडीत बसून जातात. खासगी कारखान्यात आरक्षण नाही, ठेक्यात तर हजेरीसुद्धा ठेकेदाराच्या मर्जीची. बापाला खेळायला पगारी रजा होती आणि मुलाला खेळल्याबद्दल खाडा आहे. दोन पिढ्यांत एवढा फरक पडला आणि आपण भाषणे करतो ती तरुणांना मैदानाची आवड राहिली नाही म्हणून!

इथपर्यंत तुम्ही माना डोलावल्या असतील. आता आपल्याकडे येतो.

एप्रिलमध्ये जयंतीनिमित्त आपण स्पर्धा भरवली. बॅनरवर बाबासाहेबांचा फोटो, खाली प्रमुख देणगीदार म्हणून एका ठेकेदाराचा. त्याने अकरा हजार दिले. पावती मी फाडली, शाल मी घातली, टाळ्या वाजवा असे माइकवरून मीच सांगितले. डावा कोपरा त्याच ठेकेदाराकडे कामाला आहे. गुडघ्याचे झाल्यावर मी त्याची पगाराची चिठ्ठी मागितली तेव्हा कळले की चिठ्ठी मिळतच नाही. दर महिन्याला पीएफ आणि ईएसआय म्हणून पैसे कापतात, पण विमा क्रमांक त्याला कधी दिलेला नाही. पोरगा तीन वर्षे तिथे आहे.

आता हे नीट वाचा, कारण आपल्यातल्या शेकडा नव्वद पोरांना हे ठाऊक नाही, मलाही जून उजाडेपर्यंत ठाऊक नव्हते. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्या आणि कायद्याखाली येणाऱ्या कारखान्यातल्या कामगाराला कर्मचारी राज्य विमा लागू आहे, ठेक्यावरच्यालाही. कामगाराचे पाऊण टक्का कापले जाते, मालकाने सव्वातीन टक्के भरायचे असतात. तेरा हजारांवर तुमचे साडेसत्त्याण्णव रुपये. दुखापत कारखान्यातच व्हायला हवी असे नाही. मैदानावर गुडघा गेला आणि विमा डॉक्टरने कामाला अपात्र ठरवले तर ते आजारपण धरले जाते. आधीच्या ठरलेल्या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर सरासरी रोजाच्या सत्तर टक्के रक्कम मिळते, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. नव्याने लागलेल्याला काही महिने थांबावे लागते. उपचार घरच्यांनाही मिळतात. म्हणजे आमच्या डाव्या कोपऱ्याला मोडलेल्या प्रत्येक दिवसाचे साडेतीनशेच्या आसपास मिळायला हवे होते. 1895 ला हडर्सफील्डच्या खाणकामगारांना जे मिळवायला खेळाचे दोन तुकडे करावे लागले, ते इथे कायद्यात लिहून ठेवलेले आहे.

ते कोणी लिहून ठेवले? 1943 मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना करण्याचे काम अडारकरांकडे सोपवले गेले, 1944 ला त्यांचा अहवाल आला, तेव्हा मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. त्यावरून पुढे 1948 चा कायदा झाला. आपण त्यांच्या नावाने चषक देतो आणि त्यांच्या खात्यातून निघालेला विमा बुडवणाऱ्याला त्याच मंचावर शाल घालतो. याला जयंती म्हणायचे का, हे प्रत्येकाने आपापल्या मनाशी ठरवावे. मी घातलेल्या शालीची लाज मला वाटते, ती इथे लिहून ठेवतो.

मंडळातले काही जण म्हणतील, देणगीदार गेला तर स्पर्धा बंद पडेल. पडू द्या एक वर्ष. सिडनीत साऊथ सिडनी नावाचा जुना क्लब आहे, कामगारांच्या आणि तिथल्या मूलनिवासींच्या वस्तीतला. 1999 ला लीग चालवणाऱ्यांनी तो आतबट्ट्याचा ठरवून स्पर्धेतून काढला. त्याचे चाहते घरी बसले नाहीत. हजारोंनी रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले, दोन हंगाम संघाशिवाय काढले आणि 2002 ला संघ परत मैदानात आणला. 2014 ला तो विजेता झाला. दोन हंगाम गेल्याने चाहते कमी झाले नाहीत. आपण एका बॅनरसाठी एवढे घाबरतो.

दुसरे म्हणतील, पोरांना पैशाची सवय लागेल, चळवळीची पोरे धंदेवाईक होतील. 1893 च्या साहेबांचे वाक्य आपल्याच तोंडून निघाले तर निदान ओळखता तरी यावे. मी पगार मागत नाही. जमा होईल त्या पैशातून मंडप, डीजे आणि पाहुण्यांचे हार यांच्याआधी दुखापतीचा निधी बाजूला काढा, एवढेच म्हणतो. डीजेला अठरा हजार गेले होते, माझ्याकडे हिशेबाची वही आहे. नाव नोंदवताना आधार कार्डाची प्रत घेता, तसाच प्रत्येक पोराचा विमा क्रमांक लिहून घ्या. ज्याच्याकडे नसेल तो कोणाकडे कामाला आहे ते विचारा. बत्तीस संघ, बारा-बारा पोरे. एका रात्रीत पाताळगंगेपासून खोपोलीपर्यंत कोणता ठेकेदार कापून घेतो आणि भरत नाही, याची यादी तयार होईल. कामगार संघटनांना वर्षभरात जमत नाही ते कबड्डीच्या प्रवेश फॉर्मवर जमेल.

आणि जे कार्यकर्ते म्हणतात की मैदानात क्रांती होत नाही, त्यांना एकच विचारतो. तुमच्या अभ्यास शिबिराला मागच्या वेळी किती तरुण आले होते? उपांत्य सामन्याला पाऊस भुरभुरत असताना सातशे होते.

परवा डाव्या कोपऱ्याच्या घरी गेलो. दाराशी प्लॅस्टिक बांधले होते, पाताळगंगा भरून वाहत होती. पाय उशीवर ठेवून तो मोबाईलवर लिलावाचे तुकडे बघत होता. आईने चहा दिला आणि विचारले, "तुमच्या मंडळाचं काय ठरलं, दादा?" आम्ही त्याच्या बँकेच्या नोंदी काढल्या आहेत, छत्तीस महिन्यांचे जमा पैसे त्यात दिसतात. विमा कार्यालयाला द्यायचा अर्ज लिहून झाला आहे, त्याची सही बाकी होती ती घेतली.

रविवारी संध्याकाळी विहारात बैठक आहे. पहिला विषय ठेकेदाराचे अकरा हजार परत करण्याचा. ते तर खर्च होऊन बसले, त्यामुळे वर्गणी काढावी लागेल. माझ्या एका रोजाचे पाचशे मी खजिनदाराकडे दिले आहेत.

जय भीम.